तांब्याची नाणी आणि टंगस्टनचे छर्रे

(शनिशिंगणापूर येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता, 'संरक्षणखर्च आणि विकास'. या विषयावर मी वर्गात तीस वर्षे शिकविले आणि तीस वर्षांचा अनुभव असा आहे, की हजारो कोटींचे आकडे फळ्यावर मांडले की मागच्या बाकावरची मुले झोपी जातात. तो त्यांचा दोष नव्हे. एवढे मोठे आकडे माणसाला काही सांगण्याऐवजी त्याच्यापासून बरेच काही लपवितात. म्हणून आज आपण सबंध अंदाजपत्रक बाजूला ठेवू आणि एकच शस्त्र हातात घेऊन ते उलटसुलट पाहू. ते शस्त्र म्हणजे तोफेतून किंवा रणगाड्यातून माणसांच्या घोळक्यावर सोडला जाणारा छर्ऱ्यांचा डबा. इंग्रजीत त्याला कॅनिस्टर म्हणतात. कॅनिस्टर म्हणजेही डबाच.

आपण ज्या गावात बसलो आहोत त्याची ख्याती आपणास ठाऊक आहे. घरांना दारे नाहीत, असे हे गाव. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने येथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर तिचा गाजावाजा झाला. येथील निर्भयता परस्परांवरच्या विश्वासातून आली की शनीच्या कोपाच्या भयातून, हा प्रश्न मी आज सोडविणार नाही. परंतु तो मनात असू द्यावा. कारण शस्त्रांच्या बाबतीतही हाच प्रश्न अखेर आपल्यासमोर येणार आहे.

नगरच्या सुलतानाची नाणी

आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण निजामशाहीने वसविलेल्या त्या शहराचा तोफखाना एके काळी दख्खनमध्ये अग्रगण्य मानला जात असे. विजापूरच्या तटावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे ती १५४९ मध्ये निजामशहाच्या पदरी असलेल्या महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. तिच्या तोंडावर हत्तीला गिळणारा अक्राळविक्राळ पशू कोरलेला आहे. पुढे ती परांड्यास होती आणि तेथून विजापुरास गेली.

निजामशाही तोफखान्याची खरी परीक्षा २३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या परिसरात झाली. आपण शाळेत जिला तालिकोटची लढाई म्हणून शिकलो, ती हीच. एका बाजूस विजयनगरचा रामराय आणि दुसऱ्या बाजूस दख्खनचे एकत्र आलेले सुलतान. सुलतानांच्या फौजेच्या मध्यभागी नगरचा हुसेन निजामशहा होता. फिरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी नगरच्याच दरबारात वावरलेला होता. तो लिहितो, की निजामशहाच्या आघाडीवर सहाशे तोफा तीन रांगांत मांडल्या होत्या. पुढे जड, त्यांच्यामागे मध्यम आणि शेवटी फिरत्या कण्यावरच्या लहान जंबुरकांची रांग. या तोफखान्याचा प्रमुख होता चलबी रूमीखान.

पुढची हकीकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्ष देऊन ऐकावी. रामरायाने रणांगणावर आपले आसन मांडविले आणि आसनाच्या दोन्ही बाजूंस द्रव्याच्या राशी घातल्या. जो पराक्रम करील त्याला तेथल्या तेथे इनाम मिळावे, हा हेतू. त्या उत्तेजनाने विजयनगरच्या सैन्याने असा जोराचा हल्ला केला, की सुलतानांच्या फौजेच्या दोन्ही बगला मागे हटल्या. सैन्य जवळ आले तेव्हा रूमीखानाने तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या आणि अगदी थोड्या अंतरावरून बार काढले. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या सरबत्तीने पाच हजारांहून अधिक माणसे पडली. त्याचे आकडे जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही; दरबारी इतिहासकार आकड्यांच्या बाबतीत उदार असतात. पण युक्तीचे वर्णन स्पष्ट आहे. लढाईचा निकाल फिरला, रामराय पकडला गेला आणि मारला गेला.

या प्रसंगातील दोन राशी आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू. एका बाजूस सैनिकाच्या ओंजळीत पडावे म्हणून ठेवलेले धन. दुसऱ्या बाजूस सैनिकाच्या छातीत घुसावे म्हणून तोफेत भरलेले धन. तोफेत सोन्याचे होन कोणी भरले नाहीत, भरली ती तांब्याची नाणी. तांब्याचे नाणे हे बाजारातल्या गरिबाचे चलन. भाजी, मीठ, तेल यांचा व्यवहार त्यावर चाले. शिपायाचा शिधा ज्याने विकत घ्यायचा, तेच नाणे त्याच्या देहात शिरले. युद्धाचा खर्च कोण भरतो, याचे इतके उघडे उदाहरण मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळले नाही.

असई : उलट्या दिशेने

नाण्यांची थैली ही वेळप्रसंगाची युक्ती होती. युरोपातील कारखान्यांनी तिचे नियमबद्ध उत्पादन केले. पातळ पत्र्याचा डबा, त्यात लोखंडाच्या किंवा शिशाच्या गोळ्या. बार होताच तोफेच्या तोंडाशी डबा फुटतो आणि गोळ्या पंख्यासारख्या पसरत जातात. तीन-चारशे पावलांपलीकडे तिचा जोर उरत नाही. पण त्या तीन-चारशे पावलांत उभ्या पिकावर विळा फिरावा तशी माणसे आडवी होतात. एका माणसावर नेम धरण्याची येथे गरज नसते. नेम असतो तो जागेवर. त्या जागेत जो असेल तो मरतो.

हे शस्त्र केवळ परक्यांनी आपल्यावर चालविले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरची पेठ व किल्ला घेतला. नंतर त्याची फौज याच नेवासे तालुक्यातील टोके येथे गोदावरी ओलांडून औरंगाबादेकडे गेली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, तिची गाठ शिंद्यांच्या व नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याशी पडली. शिंद्यांच्या तोफा उत्तम होत्या आणि गोलंदाज त्याहून उत्तम. त्यांच्या पहिल्याच माऱ्यात वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल व त्यांवरची माणसे पडली आणि त्याला आपला तोफखाना जवळजवळ मागे सोडून संगिनींवर भिस्त ठेवावी लागली. जी ७४वी पलटण असई गावाच्या फार जवळ गेली तिच्यावर छर्ऱ्यांचा असा वर्षाव झाला, की तिची निम्म्याहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. दिवसअखेर कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी मोजले गेले.

लढाई आपण हरलो. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. शिंद्यांच्या नोकरीतील कित्येक युरोपीय अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यातील आमिषाने आधीच निघून गेले होते. पण गोलंदाज आपापल्या तोफेपाशी उभे राहिले आणि बहुतेक तेथेच संगिनीने मारले गेले. काहीजण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि पलटणी पुढे सरकताच उठून त्यांनी मागून त्यांच्यावर तोफा डागल्या. वेलस्ली पुढे ड्यूक झाला, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्या गोलंदाजांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत आली नाहीत.

असईचा अभिमान आणि असईची किळस, या दोन्ही भावना माझ्या मनात एकाच वेळी उभ्या राहतात, हे मी आपणापासून लपवीत नाही. गोलंदाजाच्या निष्ठेचा अभिमान वाटतो. पण डब्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला स्कॉटलंडचा शिपाई किंवा मद्रासेचा पलटणीतला गडी हा वेलस्ली नव्हता. तोही पोटासाठीच आलेला होता.

श्रम वाचविणारे यंत्र

आता अर्थशास्त्राकडे वळू. यंत्राचे काम काय? जे काम शंभर हातांनी होते ते चार हातांनी व्हावे. मागाने विणकराचे हात वाचविले. त्याच न्यायाने छर्ऱ्याच्या डब्याने बंदुकवाल्यांचे हात वाचविले. एक तोफ, पाच-सात गोलंदाज आणि समोर सबंध पलटण. भांडवलाने श्रमाची जागा घेतली, इतकेच नव्हे, तर भांडवलाने श्रमिकाला मारण्याचा दर माणशी खर्च खाली आणला. म्हणूनच हे शस्त्र नेहमी तेथे वापरले जाते जेथे थोड्यांना पुष्कळांशी सामना द्यायचा असतो. १७९५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या रस्त्यांत तरुण बोनापार्टने छर्रे डागले ते शहरातल्या जमावावर. तो जमाव राजाच्या बाजूचा होता हे खरे. पण तोफेला जमावाचे राजकारण कळत नाही.

विसाव्या शतकात हा डबा जुना झाला असे वाटले होते. मशीनगन आली, दूरवर फुटणारे गोळे आले. परंतु व्हिएतनामात अमेरिकेने १०५ मिलिमीटर तोफांसाठी जो गोळा वापरला त्यात आठ हजार लहान पोलादी बाण भरलेले असत. सैनिक त्याला मधमाश्यांचे पोळे म्हणत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्याच १२० मिलिमीटर तोफेच्या रणगाड्यासाठी पुन्हा डबा आला. त्यात टंगस्टनच्या सुमारे अकराशे गोळ्या असतात आणि पाचशे मीटरपर्यंत त्या माणसांची रांग कापून काढतात. कोरियात मोठ्या संख्येने चालून येणाऱ्या पायदळाचा विचार करून त्याची मागणी झाली आणि इराकमध्ये तो वापरला गेला. इस्राएलच्या रणगाड्यांनी गाझात पोलादी बाणांचे गोळे वापरले. एप्रिल २००८ मध्ये एका वृत्तसंस्थेचा तरुण पॅलेस्टिनी कॅमेरामन अशा गोळ्याने मारला गेला. त्याआधी २००३ मध्येच, हे गोळे बंद करावेत ही विनंती इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेली होती.

कायदा काय म्हणतो? १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने माणसाच्या अंगात फुटणाऱ्या लहान गोळीस मनाई केली. १८९९ मध्ये हेग येथे अंगात पसरणारी गोळी निषिद्ध ठरली. ती गोळी कलकत्त्याजवळच्या ज्या कारखान्यात तयार झाली त्या डमडमचे नाव तिला चिकटले. १९८० च्या करारान्वये, क्ष-किरणांत न दिसणारे तुकडे उडविणारी शस्त्रे बंद झाली. १९९७ मध्ये माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर व २००८ मध्ये गुच्छबॉम्बवर बंदीचे करार झाले. या शेवटच्या दोन्ही करारांत आपला देश सामील झालेला नाही. छर्ऱ्यांचा डबा मात्र या सगळ्या जाळ्यातून सुखरूप निसटला. कारण सरळ आहे. तो फुटून मागे काही उरत नाही, त्याचे तुकडे क्ष-किरणांत दिसतात आणि तो जुना आहे. कायदा नव्या क्रौर्यास लवकर हरकत घेतो. जुन्याची त्याला सवय झालेली असते.

देशाचे रक्षण नको काय?

येथे आपल्यापैकी कोणी उठून विचारील, की प्राध्यापकमहाशय, सीमेवर शत्रू उभा असता हे प्रवचन कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देणे मला मान्य नाही. नगरमध्ये १९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र आहे. तेथे शिकलेल्या माणसांनी १९६५ आणि १९७१ मध्ये काय केले, हे आपल्या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ मध्ये चविंडाच्या लढाईत आणि त्याच रेजिमेंटचे तरुण अधिकारी अरुण खेतरपाल १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे.

परंतु त्या लढाया रणगाड्यांशी रणगाड्यांच्या होत्या. चिलखत भेदणारा गोळा आणि माणसे वेचणारा डबा, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याचे लक्ष्य यंत्र असते, दुसऱ्याचे उघडे शरीर. रणांगणावर चालून येणाऱ्या सैन्याविरुद्ध दुसऱ्याचाही उपयोग होतो, हे मी नाकारीत नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. जे तत्त्व रणांगणावर मान्य झाले, ते लवकरच रस्त्यावर उतरते.

ते उतरले आहे. २०१० पासून काश्मीरमध्ये जमाव पांगविण्यासाठी छर्ऱ्यांच्या बंदुका आल्या. एका काडतुसात शेकडो बारीक छर्रे. आकार लहान, पण तत्त्व तेच. २०१६ च्या उन्हाळ्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाने उच्च न्यायालयात सांगितले, की बत्तीस दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे झाडले गेले. ही संख्या सरकारच्याच दलाची आहे. त्यांतले कित्येक छर्रे पोरांच्या डोळ्यांत गेले. त्या निदर्शनांचे राजकारण तुम्हाला मान्य असो वा नसो. दगड मारणाऱ्याला पकडावे, त्याच्यावर खटला चालवावा, हे कायद्याचे राज्य. पण छर्रा दगड मारणारा आणि खिडकीत उभी असलेली मुलगी यांत भेद करीत नाही. लोकशाहीतील पोलिसाला ज्याच्यावर नेम धरला तो कोण, हे सांगता आले पाहिजे. जेथे नेमच माणसावर नाही तेथे जबाबदारीही कोणावर राहत नाही. उद्या हे काडतूस शेतकऱ्यांच्या किंवा कामगारांच्या मोर्चापुढे उभे राहणार नाही, याची हमी कोण देणार?

पितळ वेचणारे

आणखी एक दुवा राहिला आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात पर्यायी खर्चाची कल्पना समजावून सांगत होतो. एका तासाचे मोल म्हणजे त्या तासात दुसरे जे काही करता आले असते त्याचे मोल, असे मी म्हणालो. मागच्या बाकावरचा, सहसा न बोलणारा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, माझे चुलते पहाटे उठून सरावाच्या मैदानाकडे पितळ वेचायला जातात. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून जे मिळते ते तिकडे तासाभरात मिळते. पण तिथे माणूस मरू शकतो. मग त्या तासाचे मोल कसे काढायचे?"

मला उत्तर आले नाही. वर्गही गप्प होता. भंगार वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. त्या बातमीत मृताचा उल्लेख बहुधा बेकायदा शिरलेला माणूस असाच असतो. ज्याच्या शेतात पाणी नाही आणि ज्याच्या हाताला काम नाही, त्याने जीव धोक्यात घालून गोळा केलेले पितळ भंगारवाल्याकडे जाते, तेथून भट्टीत आणि तेथून पुन्हा बाजारात. रूमीखानाने तांबे गरिबाच्या देहात घातले. आज गरीब माणूस तांब्यापितळेसाठी आपला देह तेथे नेतो. चक्र पूर्ण झाले, असे म्हणावे लागते.

खारे कर्जुने परिसरातील सराव क्षेत्राच्या विस्ताराची टांगती तलवार नगर, राहुरी व पारनेर तालुक्यांतील गावांवर अनेक वर्षे राहिली आणि २०२० च्या सुमारास तो प्रश्न पुन्हा पेटला. त्यांत मुळा धरणात एकदा उठविलेली कुटुंबेही आहेत. सैन्याला सराव हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एकाच कुटुंबाने देशासाठी किती वेळा उठायचे, याबद्दल.

आपण काय करावे

साथींनो, व्याख्यान ऐकून घरी जाणे पुरेसे नाही. मी चार गोष्टी सुचवितो. पहिली, जमावावर छर्ऱ्यांची काडतुसे वापरण्यास संपूर्ण देशात कायद्याने बंदी असावी, ही मागणी आपल्या प्रत्येक ठरावात यावी. दुसरी, पसरून मारणाऱ्या शस्त्रांवरील आंतरराष्ट्रीय करारांत भारताने सामील व्हावे आणि नागरी वस्तीजवळ छर्ऱ्यांच्या डब्यांचा वापर निषिद्ध करणारा नवा करार मांडण्यात पुढाकार घ्यावा. डमडमचे नाव ज्या देशातील आहे त्याने एवढे केले पाहिजे. तिसरी, सराव क्षेत्रालगतच्या गावांत रोजगार हमीचे काम वर्षभर मिळावे, न फुटलेले गोळे नियमाने काढून टाकले जावेत आणि भंगाराचे रीतसर संकलन गावांच्याच सहकारी संस्थांकडे सोपवावे, म्हणजे पहाटे चोरून जाण्याची पाळी कोणावर येणार नाही. चौथी, १९३८ च्या ज्या कायद्यान्वये सरावासाठी गावे रिकामी करवून घेता येतात, त्याखालील नुकसानभरपाईचा हिशेब ग्रामसभेपुढे उघडपणे मांडला जावा.

यांतील तिसऱ्या आणि चौथ्या मागणीसाठी दिल्लीला जावे लागत नाही. तालुक्याच्या कचेरीपासून सुरुवात करता येते, आणि ती येत्या महिन्यातच करावी.

अखेरीस दोन गोष्टी सांगतो. नगरचा भुईकोट दगडात बांधला तो याच हुसेन निजामशहाने. १८०३ मध्ये तो वेलस्लीने घेतला. आणि १९४२ मध्ये त्याच किल्ल्यात इतर नेत्यांसमवेत आचार्य नरेंद्र देव यांना इंग्रजांनी कोंडले. तोफांसाठी बांधलेल्या त्या तटामागे दम्याने जर्जर झालेला हा समाजवादी विद्वान बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात बुडून गेला होता. तट त्याला कोंडू शकला, त्याचा विचार कोंडू शकला नाही.

दुसरी गोष्ट मलिक-ए-मैदानची. १८५४ मध्ये इंग्रज सरकारने ती जुन्या तोफांबरोबर लिलावात काढली. पंचावन्न टनांच्या आसपास वजनाची ती अजस्र तोफ; तिच्यासाठी सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. ती किंमत फारच थोडी आणि लोकांची तिच्यावर श्रद्धा, हे पाहून एका अधिकाऱ्याने विक्री थांबविली. ज्या शस्त्रासाठी राज्याने खजिना ओतला होता त्याचा बाजारभाव तीनशे वर्षांत एवढा उरला. वर्गातल्या त्या मुलाला तेव्हा उत्तर देता आले नाही, ते आज देतो. त्याच्या चुलत्याच्या एका तासाचे मोल त्या तोफेच्या किमतीहून अधिक आहे. आणि ज्या अंदाजपत्रकात ते तसे मांडलेले नसेल, ते आपण स्वीकारता कामा नये.